देवीनं परत पाठवलेला कोंबडा

मला आयुष्यात कुणी घरात कोंडून ठेवलं असेल, तर ते एका कोंबड्यानं. तेही माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात, दिवसाढवळ्या, मागच्या दाराला आतून कडी घालायला लावून. पाणी पिणंसुद्धा मी कमी केलं होतं, कारण संडास अंगणाच्या पलीकडे होता आणि अंगण त्याचं होतं.

यातली लाज नीट कळावी म्हणून आधी मी कोण ते सांगते. रोह्याच्या एका शाळेत मी निम्मं आयुष्य पी.टी. शिकवली. गळ्यात शिट्टी, साडीखाली कॅनव्हासचे बूट. मुलं मला घाबरायची. मुलांचे बापही घाबरायचे, कारण त्यांतले बरेच माझ्याच हाताखालून गेलेले. बाजारात भाजी घेताना मी नुसती मान वळवली, की मोटारसायकलवर बसलेल्या तिघांतला एक आपोआप खाली उतरायचा. निवृत्त झाल्यावरही हा दरारा टिकून होता आणि मला तो आवडायचा, खोटं कशाला बोलू.

मग गेल्या श्रावणात घराच्या मागच्या पायऱ्यांवरच्या शेवाळानं मला खाली घेतलं. गुडघ्याची वाटी फुटली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात मी एकटी. मुलगा पनवेलहून धावत आला आणि मला आपल्याकडे घेऊन गेला. थोडे दिवसच, असं म्हणाला होता. त्या थोड्या दिवसांचे महिने झाले. सून गुणाची आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार होती ती त्या सातव्या मजल्याबद्दल. तिथून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त टाळू दिसतात. कुणाला हाक मारायची सोय नाही, कुणाला दटावायची तर नाहीच. मला माझं घर हवं होतं. कुंडलिका नदीचा वारा येणाऱ्या त्या दोन खोल्या, मागची विहीर आणि आपल्या हातानं उघडायचं कुलूप. मुलगा मात्र म्हणायचा की बंद घराला वाळवी लागते, ओळखीतले एक जण घ्यायला तयार आहेत, देऊन टाकू.

त्याच सुमाराला धाकट्या बहिणीचा फोन आला. तिची लेक बडोद्याला बाळंत व्हायची होती. बहीण आणि मेहुणे दोघंही जाणार होते, कारण मेहुण्यांना एकटं ठेवलं तर ते चहाऐवजी साखरेचं पाणी पितील. पेणजवळ हमरापूरच्या पट्ट्यात त्यांचं घर आहे. ताई, तू येऊन राहशील का, कोंबड्या आहेत, तुळस आहे, परसात वाल लावलाय, घर उघडं राहील, असं ती म्हणाली. मुलानं ते ऐकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, तुझ्याच्यानं आता होणार नाही."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आणि झालं तर?"

"झालं तर रोह्याच्या घराचा विषय मी काढणार नाही. नाही झालं, तर तू काढायचा नाहीस."

चालेल, असं मी ताबडतोब म्हटलं. रागाच्या भरात मी पुष्कळ गोष्टींना चालेल म्हणते.

बहिणीनं मला सगळं घर दाखवलं. मोटर कधी लावायची, गॅसचा नळ कसा हलकेच फिरवायचा, पोह्याचे पापड कुठल्या डब्यात. रिक्षा दाराशी उभी राहिली, बॅगा चढल्या, एक पाय रिक्षात ठेवून झाला, तेव्हा तिला कोंबड्याची आठवण झाली. "तेवढा कोंबडा सांभाळ हां ताई. त्याच्यावर काठी उगारायची नाही, पाय लावायचा नाही, वाईट बोलायचं नाही. देवीचा आहे तो." आणि मग घाईघाईत तिनं मला त्याची कथा सांगितली.

लेकीला बरीच वर्षं मूल नव्हतं. बहिणीनं गावदेवीला कोंबडा बोलला होता. पण हा कोंबडा तिनं अंड्यातून बाहेर आल्यापासून हातावर वाढवलेला, त्यामुळे कापायचा नाही, देवळाच्या आवारात जिवंत सोडायचा, असा तिनं नवस केला. लेकीला दिवस राहिले. मेहुण्यांनी कोंबड्याला हळदकुंकू लावून काखेत धरून मिरवत देवळापर्यंत नेला, सोडला, नारळ फोडला आणि सगळे घरी आले. दिवेलागणीला बघतात तर हे महाराज अंगणाच्या दगडी गडग्यावर बसलेले. बहीण म्हणाली, देवीनंच परत पाठवला. गावालाही ते पटलं. त्या दिवसापासून त्याला कुणी हट् म्हणून म्हटलेलं नव्हतं. तो समोरून आला की माणसं हात जोडून बाजूला व्हायची. पोरं व्हायची, म्हातारी व्हायची, वायरमनसुद्धा व्हायचा.

ज्याला कधी कुणी नाही म्हटलेलं नाही, अशी मुलं मी शाळेत खूप पाहिली होती. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादली घेऊन मी मागच्या दारातून बाहेर पडले. तो तुळशीपाशी होता. तांबडा, शेपटीला हिरवी झाक, तुरा एवढा जड की एका डोळ्यावर कललेला. मला बघून त्यानं एक पंख खाली पाडला आणि तिरका तिरका चालत, नाचल्यासारखा माझ्याकडे आला. मला वाटलं, लाजतोय. मी कौतुकानं म्हटलं, काय रे, नवीन माणूस बघून लाजतोस होय. त्यानं मानेची पिसं फुलवली आणि उडी घेतली. दोन्ही पाय पुढे, पायाच्या मागची ती टोकदार नखी बरोबर माझ्या पोटरीत. माझ्या चांगल्या पायाच्या पोटरीत, हे विशेष. बादली एकीकडे, मी दुसरीकडे. मागे सरत सरत पडवीत आले, दार लावून घेतलं आणि रक्त पुसत बसले. बाहेर तो आरवला.

पुढचे काही दिवस त्यानं माझ्या नाकी नऊ आणले. मी छत्री उघडून गेले, त्यानं छत्रीवर हल्ला केला आणि तिची काडी मोडली. सूप ढालीसारखं धरून गेले, तर तो सुपाच्या खालून आला. शेवटी मी बॅगेतून माझी जुनी शिट्टी काढली. जिच्या आवाजावर अख्खं मैदान थांबायचं, ती शिट्टी मी दारात उभी राहून जीव खाऊन फुंकली. त्यानं मान वर करून शांतपणे ऐकून घेतलं आणि आरवून उत्तर दिलं. काठी कोपऱ्यात होती. पण ती उचलायला माझा हात होईना. मी काही फार देवभोळी नाही. तरी बडोद्याला पोरगी बाळंतपणाला आलेली, आणि तिच्या नवसाच्या कोंबड्यावर मी इथे काठी उगारायची, हे मला जमणारं नव्हतं.

शेजारी गणपतीच्या मूर्ती करणारं कुटुंब राहतं. त्यांच्या शेडमध्ये पांढऱ्या, अजून न रंगवलेल्या मूर्ती ओळीनं सुकत असतात. तिथली वहिनी माझा आरडाओरडा ऐकून गडग्यापाशी आली. हात कोपरापर्यंत प्लास्टरनं पांढरे झालेले. तिला माझी दया आली असावी. "नाय गो बाय, त्याच्याशी भांडू नको," ती म्हणाली. "मुठीत तांदूल ठेव. तो आला की टाक, हात जोड नि मागं मागं जा. आम्ही सगली तसंच करतो."

मी तसं केलं. त्यानं काम झालं, म्हणजे मला संडासापर्यंत पोचता येऊ लागलं. तांदूळ टाकायचे, हात जोडायचे, मागं सरायचं. निम्मं आयुष्य मुलांना छाती पुढे काढून उभं राहायला शिकवलेली बाई कोंबड्यापुढे हात जोडून उलटी चालत होती. गंमत म्हणजे तांदूळ द्यायला लागल्यापासून तो जास्तच यायला लागला. पूर्वी मी अंगणात उतरले की यायचा, आता मी खिडकीत दिसले तरी यायचा.

पोपटीचे दिवस होते. संध्याकाळी कुठल्या तरी शेताच्या कडेला पोरं मडकं पेटवायची आणि वालाच्या शेंगांचा आणि भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास घरात यायचा. पोपटीच्या मडक्यात शेंगांबरोबर कोंबडीही भाजतात, ते सगळ्यांना माहीत आहे. त्या वासासरशी माझ्या मनात काय यायचं ते मी सांगत नाही. ते देवीला माहीत आहे.

मुलगा रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचा. मी फोन पापडाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि फक्त चेहरा दाखवायची. सगळं छान चाललंय, हवा मस्त आहे, कोंबड्या अंडी घालतायत. एका संध्याकाळी पडवीचं दार नीट लागलं नव्हतं. मी हवेचं कौतुक करत असताना कोंबडा आत आला. मला कळलं तेव्हा तो माझ्या मांडीवर होता. डबा पडला, फोन पडला, मी ओरडले. फोन जमिनीवर उताणा पडला होता आणि मुलाला त्यातून आधी कौलं दिसली, मग पिसं, मग माझा पट्टी बांधलेला पाय. मी कोंबड्याला खुर्चीनं बाहेर ढकलून दार लावलं आणि फोन उचलला.

मुलगा ओरडला नाही. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "आई, मी रविवारी येतो. बॅग भरून ठेव. शेजारच्यांना किल्ली दे, कोंबड्या ते बघतील. आणि रोह्याच्या घराचं मी त्या लोकांना सोमवारी हो म्हणून सांगतो."

पैज माझीच होती. फोन ठेवल्यावर मी रडले. कोंबड्यामुळे नाही, घरामुळे. माझी विहीर, माझं कुलूप, दारावरून जाताना हाक मारणारी माणसं, सगळं एका पक्ष्यापायी जाणार होतं आणि मी त्याच्यापुढे हात जोडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेले कपडे खांद्यावर घेऊन, मुठीत तांदूळ धरून मी बाहेर पडले. अंगणाच्या मधोमध माझा गुडघा अडकला. ऑपरेशननंतर तो कधीकधी असा अडकतो. मग दोन-चार मिनिटं पाऊल पुढेही पडत नाही आणि मागेही. मी कपडे वाळत घालायच्या खांबाला धरलं. आणि तो आला. पंख पाडून, तिरका, नेहमीसारखा.

मला पळता येत नव्हतं. मागं सरता येत नव्हतं. एका हातात खांब, त्यामुळे हात जोडता येत नव्हते, आणि दुखण्यामुळे दुसऱ्या हाताची मूठ उघडत नव्हती. त्यानं उडी मारली. साडीच्या निऱ्यांवर आपटला आणि खाली पडला. मी तशीच उभी, कारण इलाजच नव्हता. तो माझ्याकडे बघत राहिला. तांदूळ येईनात, हात जोडले जाईनात, माणूस मागं जाईना. त्यानं आणखी एक उडी मारली, पण ती अर्धीच. मग तो थांबला, इकडे तिकडे पाहिलं, आणि खाली वाकून माती उकरायला लागला. तिथे काहीही नव्हतं. दाणा नाही, किडा नाही.

मला हसू फुटलं. हे मी हजार वेळा पाहिलं होतं. मैदानावर एखादा दांडगा पोरगा कुणाच्या अंगावर जातो, समोरचा हलत नाही, मग हा अचानक बुटाची नाडी बांधायला वाकतो. नाडी बांधलेलीच असते. इतके दिवस मी याला देवीचा कोंबडा समजत होते. हा तर आठवी ब मधला होता.

आणि मग बाकीचंही माझ्या डोक्यात लख्ख झालं. हा अंगावर यायचा आणि आम्ही त्याला खाऊ द्यायचो. वर हात जोडायचो. अख्ख्या गावानं मिळून त्याला शिकवलं होतं की मारलं की तांदूळ मिळतात. माझ्या वर्गात मारामारी करणाऱ्याला मी रोज गोळी दिली असती तर दुसरं काय झालं असतं? मारकुट्या मुलाला मी कधी मारलं नाही आणि वर्गाबाहेरही काढलं नाही, कारण बाहेर काढलेलं त्याला आवडतं. मी त्याला माझ्या शेजारी उभं करायची, त्याच्या खांद्यावर हात ठेवायची, आणि तास संपेपर्यंत हात काढायची नाही. त्याच्याशी बोलायची नाही, बाकीच्यांना शिकवत राहायची. थोड्या वेळानं खांदा सैल पडायचा.

गुडघा सुटला. खांद्यावर ओला टॉवेल होता, तो मी त्याच्या अंगावर टाकला, दोन्ही हातांनी त्याला उचललं आणि काखेत दाबून धरलं. केवढा वळवळला. नखीनं ब्लाउजची बाही फाडली. वजन चांगलं होतं आणि टॉवेलखाली त्याचं काळीज असं धडधडत होतं की मला माझंच वाटावं. मी टॉवेल काढला. आता धरला तर होता, पुढे काय करायचं ते ठाऊक नव्हतं. म्हणून मी माझी कामं करायला घेतली. एका हातानं कपडे वाळत घातले. तुळशीला पाणी घातलं. वालाच्या वाफ्यावर पाइप धरला. तो काखेत.

शेजारच्या वहिनीनं गडग्यावरून ते पाहिलं आणि हातातलं काम टाकून आली. तिचा चेहरा उतरला होता. "बाय, सोड गो त्याला. द्येवीचा हाय तो. काय होऊन बसंल."

"वहिनी, देवळात नेला तेव्हा आमच्या मेहुण्यांनी त्याला कसा नेला होता?"

ती विचारात पडली. "काखंत धरून."

"मग मी कुठे धरलाय?"

तिनं माझ्या काखेकडे पाहिलं, कोंबड्याकडे पाहिलं. तो डोळे अर्धे मिटून बसला होता. मग म्हणाली, "व्हय. ते बी खरं." आणि कामावर परत गेली. थोड्याच वेळात शेडमधून हसण्याचे आवाज आले, पण मला राग आला नाही.

रविवारपर्यंत मी त्याची शाळा घेतली. तांदूळ आता फक्त सकाळी आणि दुपारी, जर्मनच्या ताटलीत, सगळ्या कोंबड्यांबरोबर. मुठीतून एक दाणा नाही. हात जोडणं बंद. तो पंख पाडून आला की मी मागं नाही, एक पाऊल पुढे टाकायची. अंगावर आलाच तर काखेत, आणि मग माझी सगळी कामं संपेपर्यंत सुटका नाही. त्याला घेऊन मी चहा प्यायले, दाण्यांतले खडे निवडले, बहिणीशी फोनवर बोलले. तो काखेतून कण्हत होता तर ती म्हणाली, ताई, कोण आहे गं तिथे? मी म्हटलं, पाहुणे.

हे सगळं सरळ झालं असं नाही. एकदा पाणी आलं म्हणून मी मोटर लावायला घाईनं निघाले, त्याच्याकडे पाठ केली, आणि त्यानं पोटरी पुन्हा फोडली. दुखलं त्यापेक्षा अपमान जास्त झाला. त्या दिवशी मी त्याला काखेत घेऊन मूर्तींच्या शेडपर्यंत चालत गेले आणि आले, भर रस्त्यानं. येताना तो बाहीत चोच खुपसून गप्प होता. शनिवारी सकाळी मी अंगणात उतरले, तो तुळशीपाशी होता, त्यानं मला पाहिलं आणि पंख खाली सोडला. मी थांबले. काही केलं नाही, नुसती मान वळवली, बाजारात मोटारसायकलवाल्यांकडे बघायची तशी. त्यानं पंख उचलून अंगाला लावला आणि माती उकरायला लागला. मी अंगण ओलांडून गेले आणि परत आले. छत्री नाही, सूप नाही. त्या दिवशी मी तांब्याभर पाणी एका दमात प्यायले. बॅग काही भरली नाही.

रविवारी मुलगा उशिरा आला. हायवेला गाड्या तुंबल्या होत्या, त्यामुळे आधीच वैतागलेला. मी आतून गाडीचा आवाज ऐकला, फाटकाचा आवाज ऐकला, आणि त्यानंतर त्याच्या ओरडण्याचा. माझा गुडघा मला धावू देत नाही, म्हणून मी माझ्या चालीनं बाहेर आले. अंगणात त्याची एक चप्पल पडली होती. तो गाडीत होता, काच वर. कोंबडा गाडीच्या दाराशी मान फुलवून उभा. पलीकडे शेडमधल्या बायका पांढऱ्या हातांनी गडग्यावर रेलून बघत होत्या, जणू तिकीट काढून आल्या होत्या.

"उतर," मी म्हटलं.

त्यानं काच दोन बोटं खाली केली. "आई, आधी त्याला आवर."

"उतर खाली. पळायचं नाही, मागं सरायचं नाही."

तो उतरला, एका पायात चप्पल. कोंबड्यानं पंख पाडला आणि तो तिरका त्याच्याकडे निघाला. मुलाचा पाय मागं जायला लागलेला मला दिसला. माझा मुलगा माझ्याच शाळेत होता. इतर पोरांइतकाच, किंबहुना थोडा जास्तच माझा ओरडा खाल्लेला. मी पोटातून आवाज काढला.

"सावधान."

आणि तो उभा राहिला. टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना चिकटलेले, नजर समोर. टक्कल पडायला लागलेला, हाताखाली वीस माणसं असलेला माझा मुलगा. कोंबडा थांबला. मी दोघांच्या मध्ये आले आणि एक पाऊल पुढे टाकलं. कोंबड्यानं माझ्याकडे बघितलं, पंख उचलला, माती उकरली. मी गाडीच्या दाराला धरून सावकाश वाकले, त्याला उचलला आणि काखेत घातला. गडग्यापलीकडून वहिनी समाधानानं म्हणाली, "आता कसा."

"विश्राम," मी मुलाला म्हटलं. "चहा घेणार ना?"

चहा करेपर्यंत तो पडवीत बसून होता. मी कप आणून ठेवला आणि कोंबड्याला मांडीवर घेऊन समोर बसले. त्यानं माझ्या पोटरीवरची पट्टी पाहिली. कोपऱ्यातली रिकामी बॅगही पाहिली. मी वाट बघत होते की आता तो हसेल किंवा भांडेल. त्यानं दोन्ही केलं नाही.

"आई, तू पडलीस ना तेव्हा मला फोन आला, आणि मी येईपर्यंत मला एकच दिसत होतं. तू त्या पायऱ्यांवर एकटी पडलीयस आणि कुणाला ऐकू जात नाहीये. अजून दिसतं."

हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, त्याला घर नकोसं झालंय. किंवा मी. कोंबड्याच्या पाठीवरून मी उगीच हात फिरवत राहिले.

"मलाही दिसतं," मी म्हटलं. "तरी मला घरी जायचंय."

तो उठला, फोन काढला आणि अंगणात गेला. दारातून मला त्याचं बोलणं ऐकू येत होतं. आधी त्यानं त्या ओळखीतल्या माणसांना फोन केला आणि म्हणाला की नाही, घर द्यायचं नाही, आई राहायला जातेय. मग दुसरा फोन लावला. रोह्याच्या वेल्डिंगवाल्याला. "मागच्या पायऱ्यांना कठडा पाहिजे. दोन्ही बाजूंनी. आणि पायऱ्यांवर खरखरीत लादी कोण बसवून देईल तेही सांगा."

एवढ्यात माझ्या मांडीवरून कोंबडा निसटला. तो दारातून बाहेर पडला, त्यानं अंगणात उभ्या असलेल्या माझ्या मुलाला पाहिलं आणि पंख खाली सोडला. मी उठायला गेले. पण मुलानंही त्याला पाहिलं होतं. बोलता बोलता तो थांबला, रंग उडाला, फोन कानालाच होता. मागं मात्र सरला नाही. मग त्यानं, एका पायात चप्पल घालून, एक पाऊल पुढे टाकलं.

कोंबड्यानं माती उकरायला घेतली. मी पडवीत बसून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

बहीण मुलगी झाल्याचे पेढे घेऊन परतली, तेव्हा सवयीनं कोंबड्यापुढे हात जोडायला लागली. मी तिचे हात खाली केले आणि त्याला तिच्या काखेत दिला. देवीला आवडेल का, तिनं विचारलं. मी म्हटलं, देवीनं त्याला परत का पाठवला असेल, याचा तू कधी विचार केलायस का?

मी पेणहून रोह्याची गाडी पकडली. घराचं कुलूप गंजलं होतं. तेल सोडलं, किल्ली दोनदा फिरवली, तिसऱ्यांदा निघालं. वाळवी नव्हती, धूळ मात्र होती. शेजारणीनं रस्त्यावरून हाक मारली, मी ओ दिली. मागचं दार उघडलं तर कठड्याचा रंग अजून ओला होता. मी बॅग तिथेच ठेवली आणि पायऱ्या उतरून विहिरीपर्यंत गेले, हातांना लाल रंग लागला तरी कठडा न सोडता. वर आले. मग पुन्हा एकदा उतरले, उगीचच.